अर्ध्या विटेचं घर

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. फोन माझा, नंबर माझा, भाऊही माझाच. आणि तो म्हणतो काय, "अक्का, सूनबाई घर शे का?"

"शे. काब?"

"घर नवं बांधानं शे. नातू मोठा व्हई ग्यात, खोल्या पुरतस नही. तिले सांग, एक डाव ईसन जागा दखी जाय."

"सांगसू," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशीची गवार कोणी पाहिली असती तर म्हटलं असतं, हिने शेंगा मोडल्या नाहीत, कोणाच्या तरी माना मोडल्यात.

भाऊ कोरीटला शेती करतो, मिरची आणि पपई. ज्या घरात बसून तो मला फोन करत होता, त्या घराचा नकाशा मी काढलेला. हाताने, ट्रेसिंग पेपरवर, शाईने. नोकरीत काढलेल्या इतर सगळ्या नकाशांवर सही साहेबांची असायची आणि माझी दोन अक्षरं कोपऱ्यातल्या चौकटीत मोहरीच्या दाण्याएवढी. कोरीटच्या त्या एका नकाशावर मात्र चौकटीत माझं पूर्ण नाव होतं. आमच्या घरची रीत अशी, की भूमिपूजनाला नकाशाचा कागद ताटात ठेवून त्यावर हळदकुंकू वाहायचं आणि ज्याने तो काढला त्याच्या हातात पहिला नारळ द्यायचा. तो नारळ मला मिळाला होता. आता नवं घर, म्हणजे नवा नकाशा आणि नवा नारळ. आणि भाऊ विचारत होता, सूनबाई घरी आहे का.

तरुणपणीची मी कशी होते हे सांगितल्याशिवाय माझा जळफळाट कळायचा नाही. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, वर्गात एकटी मुलगी. मग नंदुरबारात एका इंजिनियरच्या ऑफिसात उंच स्टुलावर बसून नकाशे काढायला लागले. तिरका बोर्ड, टी-स्क्वेअर, बारीक-जाड टोकांचे शाईचे पेन. चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची, कागद न फाडता. ते मला येत होतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्यातल्या त्या बाईला वाटायचं, असं काम जिल्ह्यात कोणाला येत नाही. तेव्हा जिल्हा धुळे होता, म्हणजे गर्वाला जागाही भरपूर. सकाळी ती देवांच्या आधी सेटस्क्वेअर पुसायची. बारशाला गेली तर बाळ कोणासारखं दिसतं ते राहायचं बाजूला, पाळणा खोलीच्या बरोबर मध्ये टांगलाय की नाही ते बघायची.

ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा ती शहाणी चाळिशी ओलांडून गेलेली. कॉम्प्युटरला वेगळी खोली, गार हवा, दाराशी चपला काढायच्या. आम्हाला डोक्यावर जो पंखा होता तो स्वतःच घामाघूम. तो कॉम्प्युटर चालवायला एक मुलगी आली, स्वभावाने गोड, हेच तिचं चुकलं. ती म्हणाली, "मॅडम, शिकून घ्या ना, सोपं आहे." त्यावर आमच्या शहाणीचं उत्तर, "मी रेघ ओढते, बटणं दाबत नाही." हे वाक्य तिला इतकं आवडलं की घरी येऊन तिने नवऱ्याला दोनदा ऐकवलं. तो दोन्ही वेळा "हं" म्हणाला. पुढे तिचा बोर्ड भिंतीला उभा टेकवला गेला, त्याच्या कडेवर लोक छत्र्या अडकवू लागले, आणि ती निवृत्त होईपर्यंत फायलींना दोरे बांधत बसली. रेघ काही ओढली नाही परत.

आणि आता घरात सून. नाशिकची, शिकलेली आर्किटेक्ट. माझ्याशी चांगलं वागते, त्यामुळे तक्रारीलाही जागा ठेवलेली नाही. विसरवाडीच्या फाट्यावर तिने एका धाब्याची कमान काढून दिली. बसमधून लोक ती कमान वळून बघतात म्हणे. मीही बघितली. चांगली आहे. तेव्हापासून नवापूरकडे जाताना मी बसच्या दुसऱ्या बाजूला बसते.

तिने नोकरी सोडून आमच्या पुढच्या खोलीत स्वतःचं ऑफिस मांडलं, आणि तिथून या गोष्टीला तोंड फुटलं. नोकरीत होती तोवर ऑफिसचा विकतचा, नावाजलेला प्रोग्राम वापरायला मिळत होता. घरच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम कोणीतरी कुलूप तोडून घालून दिलेला. काम चालत होतं. पण हल्ली मध्येच स्क्रीनवर एक पट्टी झळकायची, ही प्रत अस्सल नाही म्हणून. पट्टी आली की सून चटकन मागे वळून बघायची, सासूने वाचली की काय. सासूने वाचलेलीच असायची.

"अस्सल घेऊन टाक ना," मी म्हटलं.

"त्याला वर्षाचं भाडं असतं, आई. थकलं की प्रोग्राम बंद. कामं आत्ता कुठे यायला लागलीत." मग म्हणाली, "ओपन सोर्सवाले असतात, ते बघावेत म्हणते."

"म्हणजे फुकटातले."

"नुसते फुकटातले नाही. समजा, शेजारणीने तुम्हाला तिच्या काळ्या मसाल्याची कृती दिली. जशीच्या तशी, काही न लपवता. आणि म्हणाली, हवं तसं बदला, फक्त पुढे कोणी विचारलं तर तुम्हीही लपवू नका. तसं असतं ते. प्रोग्राम कसा बनवलाय ते सगळ्यांसमोर उघडं. जगभरातले लोक त्यात दुरुस्ती करत बसतात."

मी उभ्या आयुष्यात कोणाला मसाल्याची कृती खरी दिलेली नाही. दगडफूल हमखास गाळते. त्यामुळे असे लोक जगात आहेत हे ऐकून जरा विचारातच पडले.

"तीन आहेत माझ्या डोक्यात," सून म्हणाली. "पण मला वेळ नाही. जुन्या लॅपटॉपवर घालून देते. तुम्ही बोर्डावर काम केलंय, तुम्हीच चालवून सांगा, कोणता घ्यावा."

मी म्हटलं, "बघू, जमलं तर." आवाज असा काढला की जणू तिच्यावर उपकार करतेय. आतून मात्र बेत शिजला. कोणता घ्यावा ते सावकाश सांगीन. आधी कोरीटचं घर मी काढीन आणि तिच्या आधी भावापुढे ठेवीन.

सून जागा बघून, मापं घेऊन आली होती. मापांचा कागद टेबलावर उघडाच असायचा, मी चष्मा पुसता पुसता उतरवून घेतला. दुपारी ती साइटवर गेली की मी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत. एक हिंदी बोलणारा माणूस व्हिडिओतून शिकवायचा. त्याला थांबवता येतं, मागे नेता येतं, आणि तो एकदाही "मॅडम, सोपं आहे" म्हणाला नाही. माझं त्याच्याशी जमलं.

पहिला प्रोग्राम दिसायला देखणा, पण गोल कमान काढायला घेतली की आपोआप मिटायचा, लाजाळूसारखा. त्याला रामराम केला. दुसऱ्यात भिंतीची रेघ ओढली की भिंत उभीच राहायची, घराभोवती फिरून बघता यायचं. सुनेचा डोळा त्याच्यावर होता. पण तो सुरू केला की जुना लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घुमायचा आणि माउस हलवल्यावर रेघ विचार करून यायची. तिसरा अगदी साधा. काळा पडदा, त्यावर रेघा, वर्तुळं, कंस. फूट-इंच कळत होते, आणि ते लागतातच, कारण आमच्याकडच्या गवंड्याला मिलिमीटर सांगितले तर तो मान डोलावतो आणि आपल्या मनाने बांधतो. इतर प्रोग्रामांच्या फायलीही उघडत होता. मला तो आवडला. बोर्डासारखा होता. आणि सुनेला दुसरा आवडला होता, म्हणून तर मला तिसरा जास्तच आवडला.

मी घर काढलं. पुढे ओटा, मग बैठक, डावीकडे देवघर, मागे स्वयंपाकघर. हात थरथरतो माझा हल्ली, पण तिथे रेघ थरथरत नव्हती. कितीतरी वर्षांनी मी एक रेघ ओढली आणि ती सरळ आली. त्या दिवशी भाजी करपली. कोणाला सांगितलं नाही कशामुळे.

मापं टाकायला प्रोग्राममध्ये बटण आहे. भिंतीच्या दोन टोकांना टिचकी मारली की लांबी तोच लिहितो. पण आमची शहाणी अजून मेलेली नव्हती, ती पुन्हा जागी झाली. माझ्या भिंतीची लांबी यंत्राला काय विचारायची? मी सगळी मापं स्वतः टाइप केली. चाळीस फूट, चोवीस फूट, दार साडेतीन फुटांचं. दिसायला अगदी जुन्या नकाशासारखं झालं. कोपऱ्यात चौकट काढली, त्यात माझं पूर्ण नाव. ते नाव मी मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं, परत मोठं केलं.

कोरीटला जायचा दिवस ठरला. सुनेच्या गाडीत मी जुना लॅपटॉप पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसले.

"हा कशाला, आई?"

"वाटेत व्हिडिओ बघीन," मी म्हटलं. तिने गाडी सुरू केली.

भावाच्या ओट्यावर खाटा टाकलेल्या. वहिनीने पाणी दिलं, शेंगदाणे दिले. सुनेने आपला लॅपटॉप उघडला आणि नेमकं तेव्हाच, सगळे वाकून बघत असताना, ती पट्टी आली. पाठोपाठ प्रोग्राम बंद. तिने पुन्हा सुरू केला, पुन्हा पट्टी, पुन्हा बंद. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय व्हयनं?" भावाने विचारलं.

"कुलूप तोडेल शे," मी सांगितलं. अशा वेळी मला फार मदत करावीशी वाटते. मग सुनेला, "माझ्याकडचा चालतो. त्यावर घे."

तिने आपल्या नकाशाची फाइल पेनड्राइव्हवर ठेवलेली होती, कोणत्याही प्रोग्रामात उघडेल अशा प्रकारची. माझ्या लॅपटॉपवर तिचं घर आलं. माझ्या निवडलेल्या प्रोग्रामात, माझ्या पडद्यावर. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच थांबायला हवं होतं.

"मीही काढलंय एक," मी म्हटलं.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आश्चर्याने, आणि ते मला जास्त झोंबलं. "खरंच? मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवू, मामांना बघायला सोपं जाईल." तिने माझी फाइल तिच्या नकाशात ओढून आणली.

पडद्यावर तिचं घर होतं. माझं नव्हतं.

"आई, तुमचं घर कुठंय?"

"नीट बघ. आहे तिथेच."

तिने पडदा इकडेतिकडे सरकवला. तिच्या ओट्याच्या पायरीपाशी एक ठिपका होता. तिने तो मोठा केला, आणखी मोठा केला. ठिपक्यात भिंती दिसायला लागल्या, मग देवघर, मग चौकट आणि चौकटीत माझं नाव. माझं अख्खं घर तिच्या पायरीवर पडलेलं होतं, कोणी वाटेत टाकून दिलेल्या अर्ध्या विटेएवढं.

सुनेच्या लक्षात आलं. माझ्याही आलं, तिच्या आधी, पण ते सांगून उपयोग नाही. कागद लहान आणि घर मोठं, म्हणून आम्ही बोर्डावर आठ फुटाला एक इंच धरायचो. चाळीस फुटी भिंत म्हणजे कागदावर पाच इंच. हाताला तेच वळण. स्क्रीनला कागदाची अडचण नाही, तिथे घर आहे तेवढंच काढायचं असतं, पडदा त्याला आपोआप लहान करून दाखवतो. मी मनातल्या मनात भागाकार करून पाच इंच घातले होते आणि वर हाताने लिहिलं होतं, चाळीस फूट. त्या बटणाला एकदा विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं.

भाऊ वाकून बघत होता. तो सावकाश म्हणाला, "अक्का, हाई घरमा ऱ्हावाले मुंग्या लागतीन."

वहिनी पदर तोंडाशी धरून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, पण काही शिजत नव्हतं.

"काही नाही हो, मामा," सून म्हणाली. "शहाण्णव पट मोठं केलं की झालं." तिने काहीतरी दाबलं आणि माझं घर फुगून तिच्या घराशेजारी उभं राहिलं. एका टिचकीत. मी आयुष्यभर ब्लेडने शाई खरवडली. तिने माझी चूक खरवडलीसुद्धा नाही, फक्त गुणाकार केला. त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा विसरवाडीच्या कमानीचाही वाटला नव्हता.

मग दोन्ही घरं नीट बघितली गेली. वहिनी बाहेर आली, तोंड धुऊन. तिने माझ्या नकाशावर बोट ठेवलं, "आठे सयपाकघरमा अंधार पडी." मग सुनेच्या नकाशावर, "आठे खिडकीमाईन खळं दिसस. वाळत घालेल मिरच्यासवर ध्यान ऱ्हाई." भावाने होकार दिला. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं, त्यावरूनच कळलं.

परतीच्या वाटेवर सून गाडी चालवत होती. मध्येच एकदा म्हणाली, "तुमचं देवघर चांगलं होतं, आई." मी खिडकीबाहेर पपईच्या बागा बघत होते. मला तिचं स्वयंपाकघर चांगलं वाटलं होतं, तेही मी सांगितलं नाही.

भूमिपूजनाला मी गेले. न जाऊन कसं चालेल, बहीण आहे. भावाने मला साडी नेसवली, हिरवी, भारी. सगळ्या बायका म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. ताटात सुनेचा छापील नकाशा होता, त्यावर हळदकुंकू, आणि नारळ सुनेच्या हातात गेला. तिने तो घेऊन मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला, तोंडाने. बहिणीचा मान काय, जन्माला आले म्हणून मिळतो, त्याला अक्कल लागत नाही. मला नकाशाचा हवा होता. साडी मात्र मी वापरते. साडीचा काय दोष.

आठवड्याभरात सून माझ्यापाशी येऊन बसली. "मी हाच प्रोग्राम घेणार आता. तुम्ही निवडलेला. कोरीटला तोच कामाला आला. दुसरा चांगलाय, पण त्याला नवा लॅपटॉप लागेल. मला शिकवा."

जगात एकच गोष्ट होती जी मला येत होती आणि तिला येत नव्हती. तीच सून मागत होती. मी शिकवली, पण दगडफूल गाळून. दोन-तीन युक्त्या ठेवल्या माझ्याजवळ. तिने त्या व्हिडिओवाल्याकडून दुपारपर्यंत मिळवल्या आणि आणखी चार मला शिकवल्या. तिची बोटं बटणांवर अशी चालायची की बघवत नसे. मी आपली एक रेघ ओढेपर्यंत तिची एक खोली व्हायची. जुन्या कामांच्या फायलीही तिने त्यात आणल्या. तो तोडलेला प्रोग्राम काढून टाकला त्या दिवशी तिने पेढे आणले. मी दोन खाल्ले, दोन्ही कडू लागले असं म्हणणार होते, पण चांगले होते.

मग एका सकाळी वहिनीचा फोन आला. माझ्याच फोनवर. मी सवयीने म्हटलं, "सूनबाई बाहेर गई शे."

"माले तिच्याशी काम नही," वहिनी म्हणाली. "गोठाना नकाशा काढाना शे. तुम्हीच काढा. सूनबाईना गोठामा म्हशी फरशीवर घसरतीन." मग आवाज उतरवून, "आणि तिले काही बोलू नका, तिले वाईट वाटी."

मी म्हटलं, कशाला बोलू.

गोठा म्हणजे काही घर नव्हे, हे मला कळतं. त्याला देवघर नाही, कमान नाही, ताटात ठेवून त्यावर कोणी कुंकू वाहणार नाही. पण मी लॅपटॉप घेऊन पुढच्या खोलीत बसले, उजेडात, टेबलाच्या मधोमध. या वेळी आहे तेवढाच काढत होते आणि लांबी प्रत्येक भिंतीला बटणाने विचारत होते.

सून साइटवरून आली, चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली.

"हे काय, आई?"

"गोठा."

"कोणाचा?"

"कोरीटचा. तुझ्या मामींनी सांगितलाय."

"परवाच तर आमचं फोनवर बोलणं झालं. मला काही म्हणाल्या नाहीत त्या."

"विसरल्या असतील," मी म्हटलं आणि गव्हाणीची रेघ ओढली.

"म्हशी किती?"

"आहेत."

"मुताचं पाणी कोणीकडे काढलंय? उतार दिलाय का?"

"दिलाय."

तिने खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ बसली. स्क्रीनकडे बघत राहिली, डोळे बारीक करून. "मी काढला असता तर गव्हाण मधून घेतली असती. दोन्हीकडून वैरण टाकता येते."

"घेतली असतीस," मी म्हटलं. "पण तुला विचारलंय कुठे कोणी?"

ती हसली नाही. पुढे झुकून तिने माझ्या एका भिंतीचं माप वाचलं, मग दुसरीचं वाचलं. तिच्या हातातल्या चहावर साय धरायला लागली होती. मला दिसत होती. मी पुढची रेघ ओढली.